हक्काची पेंढी

आबांना तान्ह्या पोराच्या कानामागं हुंगायची सवय होती. पोर हातात घेतलं की आधी त्याची कुंची मागं सारायचे, नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. "ह्ये उद्या तापनार." नाहीतर, "ह्याच्या पोटात वारा धरलाय." पहिल्या मोठ्या लढाईत ते समुद्रापल्याड बसऱ्याला होते, खेचरांच्या पलटणीत. तिथं खेचराचं दुखणं असंच ओळखायचे म्हणे. खेचरांचं मला ठाऊक नाही, पण पोरांच्या बाबतीत आबा निम्म्या वेळा चुकायचे. तापणार म्हटलेलं पोर दुसऱ्या दिवशी खिदळत असायचं. ते नेऊन दाखवलं तर म्हणायचे, "मग! हुंगलं म्हनून वाचलं."

दुसरी तऱ्हा म्हणजे, ते पोरांना अहो-जाहो करायचे आणि मोठ्यांना अरे-तुरे. गावच्या पाटलाला सुद्धा "ए, हिकडं ये." आणि चार महिन्यांच्या शेंबड्या पोराला, "राव, तुमी आता निजा. लई दमलासा." मी नवी सून होते तेव्हा मला हसू आवरायचं नाही. नात्यानं ते माझे लांबचे चुलत सासरे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून उभं राहायचं आणि पदराच्या आत फिदीफिदी हसायचं, असं चालायचं माझं.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अंगाला आमचं गाव. भाताशिवाय दुसरं पीक नाही आणि भात म्हणजे बायकांचं काम. पुरुषांनी चिखल करून दिला की पुढचं सगळं आमच्या कमरेवर. त्यात निम्मे बाप्ये मुंबईला गिरणीत. माझाही नवरा तिकडंच. लावणी इर्जिकीनं चालायची. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या माझ्यासकट सगळ्या तुझ्या खाचरात. जी दुसरीकडं जाणार नाही तिच्या चिखलात कुणी पाय घालत नाही, आणि एकटीनं लावायला गेलं तर रोप पिवळं पडून जातं. म्हणजे वर्षभराचा भात गेला. असा तो हिशोब होता. त्यात बाळंतीण आहे, पोर अंगावर आहे, हे कुणाला सांगून उपयोग नव्हता. सगळ्यांचीच पोरं अंगावर होती.

ज्यांच्या घरात सासू होती त्या सुटल्या. माझ्या घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, शेजारची म्हातारी आंधळी. अशांनी काय करायचं? पोराला बांधावर ठेवायचं आणि वरून इरलं पालथं घालायचं. पाऊस लागू नये म्हणून आम्ही पाठीवर घेतो ते कामट्यांचं आणि पानांचं छप्पर, तेच. आणि पोरानं टाहो फोडू नये म्हणून मोहरीएवढी अफूची गोळी आईच्या दुधात उगाळून. गोळी घेतलेलं पोर दिवसभर हूं की चूं करत नाही. सगळ्या देत होत्या. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते एकट्या आबांना. लढाईवरून आल्यावर त्यांनी काही वर्षं एकट्यानं काढली, आणि एका आषाढात उठून आपल्या पडवीच्या आढ्याला झोळ्या टांगल्या. ज्यांना कुणी नाही त्यांनी पोरं हितं आणून टाका, म्हणाले. बायका आधी गेल्याच नाहीत. बाप्या माणूस तान्ही पोरं सांभाळतो, हे कधी ऐकलं होतं कुणी? मग एकीची अडचण झाली, ती गेली. तिच्या मागून दुसरी. मी लग्न होऊन आले तोवर पडवी भरलेली असायची. सगळ्या झोळ्यांना मिळून एक दोर, त्याचं टोक आबांच्या पायाच्या अंगठ्याला. आबा भिंतीला टेकून तंबाखू मळायचे, अंगठा हलवायचे, आणि पडवीभर पोरं झुलायची. पुरुषांनी त्यांचं नाव ठेवलं दाईबुवा. ते नाव त्यांना कळत होतं. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

अंगावरच्या पोराचं काय करायचे ते सांगते. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याची एक चिंधी त्यांना देऊन ठेवायची. माझी हिरवी होती, काठाची. पोर रडलं, पेजेनं ऐकेना झालं, की त्याच्या आईची चिंधी कळकाच्या उंच काठीला बांधून आबा अंगणात उभी करायचे. खालच्या खाचरांतून ती दिसायची. आपली चिंधी दिसली की मुठीतलं रोप टाकायचं आणि चिखलाच्या पायांनी वर धावायचं. आई आली की आबा उठून गोठ्यात जायचे आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, तिचं पाजून होईतो. पलटणीत निशाणं दाखवायचे, तीच युक्ती. धुकं फार दाटलं तर पितळी बडवायचे.

माझी थोरली चार-पाच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. पहिल्यांदा तिला घेऊन निघाले, तर शेजारच्या आंधळ्या म्हातारीनं मायेपोटी तिला गोळी चाटवून ठेवली होती, नव्या जागी रडू नये म्हणून. मला पत्ता नाही. आबांनी पोरगी घेतली, कुंची सारली, हुंगलं, आणि मग बोटानं तिची पापणी वर केली. मला म्हणाले, बस हितंच, कुठं जायाचं न्हाई. मी म्हटलं, आज मला दुसरीच्या इर्जिकीला जायचंय, मी गेले नाही तर उद्या माझ्या खाचरात कोण येईल? ते ऐकेनात. पोरीला खांद्यावर टाकून पडवीत फेऱ्या घालायला लागले. तळव्यांवर चापट्या मारायचे, गार पाणी लावायचे, कानात ओरडायचे, "उठा! बाईसाहेब, उठा! निजायचं न्हाई!" मी आधी चिडले, तोंडाला येईल ते बोलले त्यांना. मग पोरीचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि धावत गार पाण्याचा तांब्या भरून आणला. दुपार कलली तेव्हा ती रडली. आबांनी तिला माझ्या ओटीत टाकलं आणि गोठ्यात गेले, ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

त्याचं कारण मला पुढं जुन्या बायकांनी सांगितलं. आबा बसऱ्याला असताना त्यांचं पोर इकडं असंच इरल्याखाली निजलं ते उठलंच नाही. त्यांना ते पत्रानं कळलं, कितीतरी महिन्यांनी. परत येईतो बायकोही मानमोडी तापाच्या साथीत गेली होती, म्हणजे दोष द्यायला किंवा समजूत घालायला समोर कुणी नव्हतंच. आबांनी स्वतः ह्यावर एकदाच तोंड उघडलं माझ्यापाशी. म्हणाले, "तिनं तरी काय करावं? हात दोन. एक रोपाला, एक पोटाला. तिसरा गावानं द्यायला पायजे व्हता."

हे गावानं द्यायचं खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. झोळ्यांतल्या पोरांना नाचणीची पेज लागे, गूळ लागे, शेळीचं दूध लागे, पावसात शेकायला शेगडी लागे. ते सगळं आबांच्या तुटपुंज्या पेन्शनीतून. आम्ही पदरात पसाभर तांदूळ बांधून न्यायचो, तर ते घ्यायचे नाहीत. एकदा मी हट्टानं सूप पुढं केलं, तर म्हणाले, "तू दिलंस तर तुजं पोर आबाचं लाडकं. जिच्या घरात दाना न्हाई तिच्या पोराला म्या काय सांगू? ह्ये एकेकीनं द्यायाचं न्हाईच. गावानं द्यायाचं." मला राग आला होता तेव्हा. दिलेलं घ्यायचं नाही, हा कसला ताठा?

गावानं द्यायचं म्हणजे कसं, तर बलुत्यासारखं. भात झोडून झाला की पाटलाच्या खळ्यावर पहिलं बलुतं वाटलं जायचं. पाटील एकेकाला हाक मारायचा. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, कुंभार, गुरव. हाक आली की पुढं व्हायचं आणि आपल्या, न झोडता दाण्यासकट राखलेल्या पेंढ्या उचलायच्या. तिथं ज्याला हाक, त्याला गावातलं प्रत्येक खळं देणं लागायचं. आबा दर साली त्या ओळीच्या शेवटी जाऊन बसायचे. धुतलेलं धोतर, वर पलटणीचा खाकी कोट. सुतार नांगर करतो, न्हावी डोकी करतो. म्या पोरं संबाळली न्हाई तर लावनी कोन करनार, असं त्यांचं म्हणणं. पाटलानं एकदा सगळ्यांदेखत विचारलं, बलुतं बापजाद्यांपासून चालत आलेलं असतं, तुझ्या बापानं पोरं सांभाळली होती काय? खळं हसून हसून लोळलं. आबा म्हणाले, "बापानं न्हाई संबाळली, म्हनून तर म्या संबाळतोय."

आबांच्या भावकीला तर तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. कुणब्यानं द्यायचं असतं, कुणब्यानं बलुतेदारांच्या ओळीत बसून हात पसरायचा म्हणजे काय? सख्ख्या पुतण्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आबा म्हणायचे, हात पसरत न्हाई, हक मागतो. आणि ओळ संपली, शेवटची हाक झाली, की कोट झटकून उठायचे. "म्होरल्या सालाला बगू," म्हणायचे आणि घरी जायचे. त्या एका हाकेसाठी त्यांनी कितीतरी सालं काढली. पेंढी मिळाली असती तर पेजेची सोय झाली असती, हे खरं. पण पोरं सांभाळणं हे गावाचं काम आहे हे गावानं एकदा तोंडानं म्हणावं, ह्यासाठी ते जास्त झुरत होते.

मधे एकदा त्यांनी भोरला जायचं काढलं. गाव देत नाही तर संस्थान देतंय का बघू. नुसतं जाऊन भागलं नाही; पोरं दाखवली पाहिजेत, म्हणाले. कावडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, एकीत माझी थोरली, एकीत दुसरीचं पोर, आणि मागून आम्ही दोघी आया पदर सावरत, शिव्या घालत. दिवसभराची चाल. भाटघरचं धरण मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. एवढं पाणी एका जागी बघून मी टोपलीतली पोरगी उचलून कडेवरच घेतली. भोरात एका कचेरीत आबांनी कावड उतरवली ती थेट कारकुनाच्या बैठकीपाशी. कारकून बिचारा भला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, देवाच्या दिव्याला तेल मंजूर होतं, शाळेला पाट्या मंजूर होतात, पण रांगतं पोर मी कुठल्या खात्यात घालू? आबा म्हणाले, "खात्यात नगा घालू. झोळीत म्या घालतो. तुमी निस्ती पेज मंजूर करा." तेवढ्यात माझ्या पोरीनं त्याची सतरंजी भिजवली. परत येताना आबांनी बाजारातून दोन खुळखुळे घेतले आणि वाटभर स्वतःच वाजवत आले. अपयशाचं त्यांना काही वाटलं नाही, असं मला त्या वेळी वाटलं होतं. आता वाटत नाही.

दुसरी लढाई लागली आणि सगळंच महाग झालं. गूळ महाग, रॉकेल मिळेना. आबांनी एक वेळचं जेवण सोडलं. पेज पातळ झाली नाही, आबा पातळ झाले. मान एका अंगाला कलती करून बसायचे, ती जास्तच कलती व्हायला लागली. बसऱ्याला तोफेच्या आवाजानं त्यांचा एक कान तेव्हाच अधू झाला होता, म्हणून ते तसे बसायचे. आम्हाला वाटायचं, तीही एक तऱ्हाच. आपण काही विचारावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं, असंही व्हायला लागलं. पण आबा मुळातच भलतं बोलणारे. कुणाच्या लक्षात यावं?

त्या साली माझा धाकटा झोळीत होता. लावणीभर माझी हिरवी चिंधी फार थोड्या वेळा वर गेली. पदर दुधानं भिजायचा, मी मान वर करून बघायची, तर काठी मोकळी. सगळ्याजणींचं तेच. आम्ही आपसात म्हणायचो, आबांचा हात काय बसलाय बघ, पोरं कशी गाढ झोपतात. मी तर खूश होते. लावणी कधी नव्हे ती वेळेत उरकली.

त्याच लावणीत पाटलीण तापानं अंथरुणाला खिळली होती आणि पाटलाची सून चिखलात. म्हणजे पाटलाचा नातू पण आबांच्या पडवीत. नातवाला बघायला पाटील एकदा आला. दोन्ही हात मागं बांधून उंबऱ्याशी उभा राहिला, झोळ्यांवरून नजर फिरवली, शेगडीवरची पेज बघितली, आबांचा अंगठा बघितला. आला तसा गेला. आबांनी त्याला नेहमीसारखं "ए, हिकडं ये" केलं नाही. पाठ होती त्यांची, पाटील आल्याचंच त्यांना कळलं नसावं.

आणि मग खळं आलं. भात झोडून झाला होता, रास पडली होती, आम्ही बायका कडेला सुपं घेऊन पाखडत होतो. बलुतेदार ओळीनं बसले होते. शेवटी, थोडं अंतर सोडून, एका धोंड्यावर आबा. तोच कोट. पाटलानं हाका सुरू केल्या. सुतार झाला, लोहार झाला, होता होता गुरव उचलून गेला. एरवी इथं संपायचं. पाटील खाकरला. रासेकडं बघत म्हणाला, "आबा. पोरांचं बलुतं."

कुणी हसलं नाही. माझ्या हातातलं सूप थांबलं. वाटलं, झालं एकदाचं, म्हाताऱ्याच्या जन्माचं सोनं झालं. आबा बसले होते तसेच बसून होते. पाटलानं पुन्हा हाक मारली. सुतार हळूच म्हणाला, आता मान पाहिजे असेल, कुणी हाताला धरून न्यावं म्हणत असेल. पाटलाचा आवाज चढला. तिसरी हाक त्यानं अशी घातली की कडेला निजलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं आणि रासेवरच्या चिमण्या उडाल्या. आबा मान कलती करून समोरच्या डोंगराकडं बघत होते. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही, काहीच नाही.

मग सगळ्यांना एकदमच कळलं, आबांना हाक ऐकूच गेली नव्हती. बायकांच्या घोळक्यात कुणी कुणाकडं बघेना. मला माझी मोकळी काठी आठवली. दुधानं भिजलेला पदर आठवला. पोरं झोपत नव्हती.

सासऱ्याच्या नात्याच्या माणसाला सून हात लावत नाही. मी गेले आणि त्यांच्या कोटाची बाही ओढली. ते दचकून उठले. माझ्याकडं बघून हसले, कोट झटकला.

"झालं व्हय वाटून? चल. म्होरल्या सालाला बगू."

मी मातीत ठेवलेल्या पेंढीकडं बोट केलं. त्यांनी पेंढीकडं बघितलं, पाटलाकडं बघितलं, मग आम्हा बायकांकडं, एकीएकीच्या तोंडाकडं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. हाक आली होती हे त्यांना आमच्या तोंडांवरून कळलं, आणि आपल्याला ती ऐकू आली नाही हे सगळ्यांना कळलंय, तेही. पेंढी उचलून त्यांनी डोक्यावर घेतली. सगळ्या गावादेखत सावकाश चालत घरी गेले. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते डोक्यावर घेऊन निघाले होते, आणि पाठमोरे बघितलं तर मयतीहून परतणाऱ्या माणसाची चाल.

पुढच्या आषाढात आबांनी झोळ्या टांगल्या नाहीत. बायका मुकाट्यानं पुन्हा बांधाकडं वळल्या. कुणी गोळी देत होती का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. माझा धाकटा अजून धड चालत नव्हता, आणि माझी इर्जिक तोंडावर आलेली. मी दोन दिवस विचार केला. म्हटलं, कान नसले तर नसले, डोळे तर आहेत. माणूस तेच आहे. पोर कडेवर मारलं आणि गेले.

आबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. वर बघितलं तर आढं मोकळं. मी खुणेनं सांगितलं, पोर ठेवते, मला चालतंय. आजवर पोर उंबऱ्यात दिसलं की ह्या माणसाचे हात आपोआप पुढं यायचे. त्या दिवशी हात मांडीवरच राहिले. मग मला म्हणाले,

"पोरी, खरं सांगशील? माज्यापाशी कोन कोन रडलं आसंल गं?"

मी म्हटलं, "कुनी न्हाई, आबा."

त्यांनी त्यातल्या त्यात चांगला कान माझ्याकडं केला आणि हातानं आडोसा धरला. मी जवळ गेले, जीव खाऊन ओरडले, "कुनीच न्हाई रडलं, आबा! कुनीच न्हाई!"

त्यांना ते ऐकू गेलं नाही. माझ्या ओरडण्यानं कडेवरचं पोर मात्र दचकलं आणि त्यानं मोठ्यानं भोकाड पसरलं. आबा त्याच्या उघड्या तोंडाकडं बघत राहिले.